नऊ नंबरचा नियम

हे लिहिण्याआधी लेकराला विचारलंय. ते म्हणालं, लिही, पण नावं लिहू नकोस आणि रडकं करू नकोस. नावं लिहिणार नाही. दुसऱ्या अटीची हमी देत नाही.

मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारी घेते. आमच्या शहरात नळाला पाणी येतं ते कधी चौथ्या दिवशी, कधी आठव्या. दुष्काळ पडला की त्याहून उशिरा, आणि फोन मात्र रोज. सकाळी दहा वाजता पहिली शिवी खाल्ल्याशिवाय माझा दिवस सुरूच होत नाही. त्यामुळं जीभ तिखट झालीय, आणि ती घरी आल्यावर काही गोड होत नाही. नवरा वैजापूरच्या मार्केट यार्डात नोकरीला. दिवसभर कांद्याच्या लिलावातला ओरडा ऐकून येणारा माणूस, घरी आला की त्याला शांतता लागते. म्हणजे आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडं. कुणाशीही बोलायचं असो, कुणाबद्दलही बोलायचं असो.

लेकरू जन्मलं तेव्हा मुलगी झाली म्हणून मी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीत जिलबी वाटली होती. चार वर्षं ते एक अक्षर बोललं नाही. मग एके दिवशी एकदम म्हणालं, "आई, कुकर बंद कर." त्याआधी साधं आई नाही, बाबा नाही, थेट हुकूमच. कुकरच्या शिट्टीला ते कानांवर हात दाबून पलंगाखाली शिरायचं. ट्यूबलाइट लुकलुकली तर ताटावरून उठायचं. डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली, ऑटिझम. अशा मुलांना शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या मला म्हणाल्या, इतर लेकरांना जे हवेतून कळतं ते याला हवेतून कळणार नाही. स्पष्ट सांगा, लिहून द्या, आणि एकदा लिहिलेलं उगाच बदलू नका.

लिहून द्या! अहो, मला दुसरं येतं काय? जावक रजिस्टरसारखी लांबट वही आणली, आकडे टाकले आणि नियम लिहायला बसले. एक नंबरला लिहिलं: या वहीतला नियम फक्त आई बदलेल. कारण नवरा एखाद्या रविवारी म्हणायचा, राहू दे गं आज आंघोळ, आणि मग लेकराचा तासभर आक्रोश. दोन नंबर, बाहेरून आलं की पाय धुवायचे. सहा वर्षांचं असताना त्यानं दाताच्या डॉक्टरांचं बोट कचकन चावलं, त्या दिवशी नऊ नंबर लिहिला. एका दुष्काळात तेवीस नंबर आला: पाहुण्यांना आधी विचारायचं, हवं असेल तर अर्धा पेला पाणी द्यायचं. माझ्या नणंदेनं आणखी मागितलं तर हे म्हणालं, नियमात अर्धाच आहे. नणंद अजून चारचौघांत तो किस्सा सांगते.

वही फ्रिजवर असायची. लेकरू रोज सकाळी एकदा वाचायचं, आणि एकदा वाचलेला नियम त्यानं कधी मोडला नाही. कधीच नाही. लोकांची मुलं सांगून ऐकत नाहीत, माझं लिहिलेलं पाळतं, म्हणून मला कोण अभिमान!

अकराव्या वर्षी मी एक्केचाळीसपासून अठ्ठावन्नपर्यंत नियम एका बैठकीत लिहिले. वर मथळा दिला, मुलगी म्हणून. कसं बसायचं, गुडघे कसे झाकायचे, ओढणी कुठं घ्यायची, कुणाच्या मोटरसायकलवर बसायचं नाही, काय सांगायचं, काय सांगायचं नाही. एकावन्न नंबर हळदीकुंकवाचा होता: बाई बोट पुढं करेल तेव्हा मागं सरकायचं नाही, हसायचं, वाण घ्यायचं, घरी येऊन कपाळ धुवायचं. संक्रांतीला लेकरू माझ्याबरोबर घरोघर आलं. दात गच्च आवळून, डोळे मिटून, प्रत्येक घरी मागं न सरकता उभं राहिलं. बायका म्हणाल्या, किती शहाणी झालीय हो! मी हवेत. घरी आल्यावर त्यानं कपाळ इतकं घासलं की दोन दिवस लाल होतं. मला वाटलं, बोटाचा स्पर्श सहन होत नाही, दुसरं काय असणार?

अशी वर्षं गेली. तिसरा दुष्काळ आला तेव्हा लेकरू बावीस वर्षांचं होतं, रसायनशास्त्रात एमएस्सी करत होतं. इकडं शहर सुटलं होतं पसरत. कुठल्या कुठल्या माळावर बारा मजली इमारती उठल्या आणि तिथले लोक मला फोन करून विचारायचे, बाई, आमची पाइपलाइन कधी येणार? मला काय ठाऊक बाबा, मी काय ती खिशात घालून बसलेय? बिडकीनकडं नवे कारखाने येत होते, रुंद रस्ते, त्यावर अजून गुरं चालत होती. तिथल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लेकराला नोकरी लागली. परीक्षा झाली की तीन महिन्यांनी रुजू व्हायचं. मी म्हटलं, सुटले. आता माझ्यामागं याचं कसं होणार ही फिकीर मिटली.

पुढच्याच आठवड्यात, नळाच्या दिवशी सकाळी, ड्रम भरत होतो तेव्हा लेकरानं ती वही माझ्यापुढं धरली. प्रत्येक नियमापुढं रंगीत पेनानं खूण. निळी म्हणजे कळतो आणि मान्य. हिरवी म्हणजे कळत नाही, त्रास होतो, पण चालेल. लाल म्हणजे हा माझा नियम नाही. एक्केचाळीस ते अठ्ठावन्न सगळे लाल.

मग ते म्हणालं, मी मुलगी नाही, पुरुष आहे. अशा माणसांना ट्रान्स म्हणतात. जे लोक ऑटिस्टिक असतात त्यांच्यात असे पुष्कळ सापडतात, का ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. नोकरीवर पहिल्या दिवसापासून मला स्वतः म्हणून जायचंय, गळ्यातल्या कार्डावर दुसऱ्याचा फोटो असल्यासारखं नको. त्यासाठी उपचार सुरू करायचे आहेत, आणि उपचारांना मानसोपचाराच्या डॉक्टरांचं पत्र लागतं. हे सगळं एका सुरात, जसं ते मला पिंपातल्या पाण्यात क्लोरीन किती ते सांगतं तसं. पाइप माझ्या हातात तसाच, ड्रम भरून फरशीवर पाणी वाहायला लागलं. दुष्काळात! ते शांतपणे गेलं आणि नळ बंद करून आलं.

खरं सांगते, मला काही सुधरंना. ट्रान्स म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं सिग्नलवर टाळ्या वाजवणारे आले, त्यापलीकडं मला काही माहीतच नव्हतं. मी तडतडले. म्हटलं, अरे देवा, तुला ओढणी टोचते, बोट सहन होत नाही, म्हणून तू मुलगी नाहीस होय? मला तरी कुठं आवडतं सगळं? कुणी सांगितलं हे खूळ?

तेव्हा ते जे बोललं ते मी शब्दाला शब्द सांगू शकते. "बोट मला सहन होत नाही, म्हणून एकावन्नपुढं मी आधी हिरवी खूण केली होती. पुरुषांना बुक्का लावतात, ते बोटही मला सहन होणार नाही. मग मी विचार केला, बोटच नसतं तर? तर मला चाललं असतं का? नसतं चाललं. म्हणून हिरवी खोडून लाल केली." मी बघितलं. खरंच, लालखाली हिरवी खूण होती. मी वही मिटली आणि परत फ्रिजवर ठेवून दिली.

पुढचे तीन आठवडे माझ्या डोक्याचा नुसता भुगा. ऑफिसात फोनवर लोक पाण्याबद्दल बोलायचे आणि मी एक्केचाळीस ते अठ्ठावन्नचा विचार करायची. वाटायचं, हे मीच केलं. मुलगी म्हणून असा मथळा दिला नसता तर त्याच्या डोक्यात आलंच नसतं. दुसऱ्या क्षणी वाटायचं, छे, मलाही माझ्या आईनं हेच सांगितलं होतं की. वही नव्हती, डोळे वटारले होते, एवढाच फरक. मग माझ्या आत ते सगळं मुरलं कसं आणि याच्या आत अठरा नियम अठरा वेगळे दगड होऊन का पडले? लेकराला एकदा विचारलं तर म्हणालं, मला वाटायचं सगळ्याच मुली सकाळी उठून पाठ करत असतील. कॉलेजात गेल्यावर कळलं, की त्यांना पाठ करावं लागत नाही.

हे ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आणि तरीही कळलं नाही. हे ऑटिझममुळं, की ऑटिझम असूनही? नळाचं पाणी आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत गेल्यावर कुठलं कुठलं ते कोण सांगणार?

खालच्या मजल्यावर आमच्या शिवणकाम करणाऱ्या आपा राहतात. लेकराच्या कपड्यांचे टॅग कापणं, शिवणी बाहेरून घालणं, हे सगळं लहानपणापासून त्यांच्याकडं. त्यांना आडून आडून विचारलं तर त्या आपल्या अर्ध्या मराठीत अर्ध्या दखनीत म्हणाल्या, की दोन वर्षं झाली, ते शर्टाची बटणं पुरुषी बाजूला लावून घेतं, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मी रोज ते शर्ट धूत होते, वाळत घालत होते, घड्या करत होते. बटणं कुठल्या बाजूला आहेत ते काही मी पाहिलं नाही. नवऱ्याला सांगितलं. तो आत जाऊन पाय धुऊन आला. मग म्हणाला, डॉक्टर काय ते सांगतील.

लेकरानंच शोधलेल्या डॉक्टरांकडं मी आणि ते, आम्ही दोघं गेलो. माणूस सभ्य होता. त्यांनी आधी लेकराकडं वळून विचारलं, तुम्ही स्वतःला काय समजता, कधीपासून? लेकरानं त्यांच्याकडं पाहिलं नाही, ते कुणाकडंच पाहत नाही. पण ते माझ्याकडं वळलं आणि माझ्या खांद्याकडं बघत बसलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. लेकरू गप्प. तिसऱ्यांदा विचारलं. गप्प. मला राहवेना. आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हणाले, "तिला काही कळत नाही हो, डॉक्टर. लहानपणापासून असंच आहे, एखादी गोष्ट डोक्यात बसली की बसली." मग मी पुढं अर्धा तास बोलले. कुकर, ट्यूबलाइट, चावलेलं बोट, सगळं. डॉक्टर लिहीत राहिले. शेवटी म्हणाले, स्वतःबद्दलची समज स्पष्ट दिसत नाही, घाई नको, दोन वर्षं थांबून बघू.

रिक्षात लेकरू दोन्ही हातांच्या मुठी करून बसलं होतं. मला कुठंतरी बरं वाटत होतं, हेही सांगून टाकते. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. तोवर काय काय होतं कुणी पाहिलंय! नवऱ्याला फोन केला, तोही म्हणाला, झालं तर मग.

घरी आलो आणि लेकरू जेवेना. दुसऱ्या दिवशी जेवेना. बोललं एवढंच, की दोन वर्षं त्या कार्डासकट जगता येणार नाही, म्हणून बिडकीनला नाही म्हणून कळवतोय. मग मात्र माझं टाळकं फिरलं. म्हटलं, तिथं डॉक्टर तीन-तीनदा विचारत होते, तेव्हा तोंडाला कुलूप घातलं होतंस का? माझ्यापुढं एवढी लाल-हिरवी वकिली, आणि जिथं बोलायचं तिथं मुकी? तिथं का नाही बोललीस?

ते उठलं. फ्रिजवरची वही घेऊन आलं, उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"नऊ," ते म्हणालं.

माझंच अक्षर, सोळा वर्षांपूर्वीचं. नियम नऊ: डॉक्टरांसमोर आई बोलेल. आपण तोंड उघडायचं नाही. डॉक्टरांनी काहीही विचारलं तरी आईकडं बघायचं.

आणि त्यापुढं लाल खूण होती. तीन आठवडे ती तिथं होती. मी फक्त एक्केचाळीसपासून पुढचं पाहिलं होतं, मागची पानं उलटलीच नव्हती. मी म्हटलं, अरे पण तूच लाल केलंस ना, मग मोडायचास की! त्यानं पान मागं नेलं, एक नंबरवर बोट ठेवलं. या वहीतला नियम फक्त आई बदलेल. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या सकाळी त्यानं मला नुसतं कळवलं नव्हतं. ते माझ्याकडं अर्ज घेऊन आलं होतं. आणि मी, जन्मभर लोकांचे अर्ज घेणारी बाई, तो अर्ज बघून परत फ्रिजवर ठेवून दिला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय म्हणायचं?

लई राग आला, आणि कुणावर काढायचा तेच कळेना. लेकरू समोर उभं, त्याला राग नव्हता. ते नुसतं वाट बघत होतं.

रजिस्टरात चूक दुरुस्त करायची आमची एक पद्धत असते. गिरगटायचं नाही, पांढरा रंग फासायचा नाही. एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही वाचता येतं, आणि बाजूला आपली छोटी सही करायची, म्हणजे खोडलं कुणी ते कळतं. मी पट्टी घेतली. एक्केचाळीस, सही. बेचाळीस, सही. अठरा वेळा. पटलेलं अजून काहीच नव्हतं. खोटं कशाला बोलू? पटलं म्हणून नाही खोडलं. माझ्या सहीवाचून माझं लेकरू अडून बसलंय, एवढं कळलं म्हणून खोडलं. शेवटी मागं जाऊन नऊ खोडला. लेकरू म्हणालं, नऊच्या जागी काय? मी म्हटलं, तू लिही.

त्यानं बारीक अक्षरात लिहिलं: माझ्याबद्दल मी बोलेन. मी अडकलो तर आईकडं बघेन. तेव्हा आईनं बोलायचं नाही, थांबायचं. मग पेन माझ्याकडं दिलं, सहीसाठी. मी सही केली. त्या वहीत माझ्यासाठी लिहिलेला तो पहिला नियम. आणि मग ते जेवायला बसलं.

पत्र मिळायला पुढं बऱ्याच खेपा झाल्या, पण मिळालं. हे आधीच सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. आज ते बिडकीनच्या बसला सकाळी सातला जातं, गळ्यात कार्ड घालून. शहराचं नाव बदललं तेव्हा कितीतरी दिवस माझ्या तोंडात जुनंच यायचं, तशी लेकराच्या बाबतीतही जीभ अजून अडखळते, मग ते मला शांतपणे दुरुस्त करतं. आणि कोडं सुटलंय म्हणाल तर नाय. कुकरची शिट्टी कुठं संपते आणि हे दुसरं कुठं सुरू होतं, मला अजूनही दाखवता यायचं नाही. पण मला सांगायचंय ते त्या डॉक्टरांच्या दुसऱ्या भेटीचं.

तेच टेबल, तीच खुर्ची. डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं. लेकरानं तोंड उघडलं आणि अडकलं. माझ्याकडं वळलं, खांद्याकडं बघायला लागलं. भिंतीवर घड्याळ होतं. बाई गं, मिनिट इतकं लांब असतं हे मला या वयात कळलं. अख्खं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, चांगल्या शब्दांत, त्याच्या बाजूचं. मी पदराचं टोक मुठीत धरलं आणि गप्प बसले. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी गप्प. तेही मग थांबले.

"कुकरची शिट्टी मला सहन होत नाही, ते ऑटिझम," लेकरू म्हणालं. "मी पुरुष आहे, ते ऑटिझम नाही. मला दोन्ही वेगवेगळं कळतं. फक्त सांगायला वेळ लागतो."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून ते माझ्याकडं वळले आणि विचारलं, गेल्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात, काही कळत नाही. आता आई म्हणून तुम्हाला काय वाटतं?

"मला विचारू नका, डॉक्टर," मी म्हणाले. "मला नाही कळत. त्याला कळतं."